पाणी साचणाऱ्या वस्तीतील जुनी इमारत : दुरुस्तीचे नियम काय सांगतात?

पावसाळा तोंडावर आला की परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांतील तळमजल्यांवर दरवर्षीची लगबग सुरू होते. उंबऱ्यावर विटांचा छोटा बांध घातला जातो, फ्रिजखाली लाकडी ठोकळे सरकविले जातात आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातील शिधापत्रिका, भाडेपावत्या, मुलांचे दाखले वरच्या कप्प्यात जातात. एखाद्या वर्षी पाणी गुडघ्यापर्यंत शिरले, की पाऊस ओसरल्यावर ‘आता कायमचा बंदोबस्त करायचा’ असे घरात ठरते. हा बंदोबस्त बहुतेक वेळा दोन प्रकारचा असतो : भर घालून खोलीची जमीन उचलणे आणि सामान सुरक्षित राहावे म्हणून पोटमाळा बांधणे.

महापालिकेच्या परवानगीविना करता येणाऱ्या दुरुस्तीच्या व्याख्येत ही दोन्ही कामे सरळपणे बसत नाहीत, हे अनेक रहिवाशांना नोटीस हाती पडल्यावरच कळते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नियम ‘इमारत आहे तशी टिकावी’ या तत्त्वावर बेतलेले आहेत. साचणाऱ्या पाण्यापासून बचाव करायचा तर उंची लागते आणि ही उंची दुरुस्तीत नव्हे, तर पुनर्बांधणीतच कायदेशीररीत्या मिळते. दुरुस्तीने काय साधता येते, काय साधता येत नाही आणि कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे लागते, याची माहिती असणे त्यामुळे आवश्यक ठरते.

पूररेषा नसलेला पूर

राज्यात नदीकाठच्या बांधकामांसाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा प्रमाण मानल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखविते, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषा. कोल्हापूर, सांगलीकडील नागरिकांना या रेषा परिचित आहेत. परळ किंवा लालबागमधून मात्र एकही नदी वाहत नाही. येथील पाणी नदीचे पात्र सोडून आलेले नसते. ते निचऱ्याला वाट न मिळाल्याने साचलेले असते.

सात बेटांमधील खाड्या आणि दलदली बुजवून मुंबई शहर उभे राहिले. त्यामुळे मधल्या पट्ट्यातील अनेक जागा बशीसारख्या खोलगट राहिल्या. हिंदमाता चौक हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. पर्जन्य जलवाहिन्यांचे जुने जाळे ओहोटीच्या वेळी ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या क्षमतेचे होते. भरतीच्या वेळी समुद्राकडील मुखांतून पाणी बाहेर पडत नाही आणि मुसळधार पाऊस व मोठी भरती एकत्र आली की सखल भागात पाणी चढू लागते. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्यासाठी १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात उपाय सुचविण्यात आले होते. त्यांना खरी गती मिळाली ती २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर. हाजीअली, वरळीतील लव्हग्रोव्ह व क्लीव्हलँड बंदर, रे रोडचे ब्रिटानिया, तसेच उपनगरातील इर्ला आणि गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रे त्यानंतरच्या काळात सुरू झाली. हिंदमाता परिसरातील पाणी साठविण्यासाठी दादर पश्चिमेचे प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत टाक्याही बांधण्यात आल्या.

तरीही प्रश्न संपलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यात तो ७५ मिलिमीटरच्याही खाली होता. त्यामुळे दक्षिण मुंबई तुलनेने सुरक्षित असल्याचा समज दृढ झाला होता. ऑगस्ट २०२० मध्ये कुलाबा वेधशाळेने २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस नोंदविला आणि गिरगाव, चर्चगेटपर्यंतच्या रहिवाशांचा हा समज दूर झाला. २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस विक्रमी लवकर दाखल झाला, तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यातही पाणी शिरले.

पूररेषा नसल्यामुळे या भागात ‘पूरग्रस्त इमारतींच्या दुरुस्तीचा’ स्वतंत्र कायदा नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, म्हाडा अधिनियम १९७६, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आणि विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ या चार ठिकाणी विखुरलेल्या तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

आधी इमारतीचा गट ओळखा

दुरुस्तीचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आपली इमारत कोणत्या गटात मोडते, हे पाहणे ही पहिली पायरी होय.

शहर भागातील, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बहुतांश जुन्या खासगी भाडेकरू इमारती ‘उपकरप्राप्त’ आहेत. या इमारतींकडून मालमत्ता कराबरोबर दुरुस्ती उपकर वसूल केला जातो आणि त्या बदल्यात त्यांच्या संरचनात्मक दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळावर येते. १९६९ च्या कायद्याने या व्यवस्थेचा पाया घातला. पुढे ती म्हाडा अधिनियमाच्या आठव्या प्रकरणात समाविष्ट झाली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात येतात. प्रारंभी अशा १९ हजार ६४२ इमारती होत्या आणि त्यांपैकी १६ हजार ५०२ ‘अ’ वर्गातील होत्या. पुनर्विकास, संपादन आणि पडझड यांमुळे ही संख्या आता सुमारे १३ हजारांवर आली आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती सर्वसाधारणपणे या योजनेत येत नाहीत. त्यांची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या दुरुस्ती व देखभाल निधीतून करावयाची असते. दादर, माटुंग्यातील अनेक तीन-चार मजली इमारती या गटात मोडतात. महापालिकेच्या मालकीच्या चाळी, बीडीडी चाळी आणि शासकीय वसाहती यांची जबाबदारी त्या त्या यंत्रणेवर असते. इमारत उपकरप्राप्त आहे की नाही, हे मालमत्ता कराच्या देयकावरून आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयातून समजू शकते.

परवानगीशिवाय काय करता येते?

महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीला नोटीस देण्याच्या बंधनातून सूट आहे. भिंतींचा गिलावा, रंगकाम व दरजा भरणे, फरशी बदलणे, मोरी, न्हाणीघर व शौचालयाची दुरुस्ती, सांडपाण्याचे नळ, तोट्या व मॅनहोलची झाकणे बदलणे, नळजोडणी व विजेच्या साहित्याची दुरुस्ती, गच्चीवरील जलरोधक थर नव्याने घालणे, छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने बदलणे, अशी कामे या सवलतीत येतात.

ही सवलत कोठे संपते, हेही त्याच कलमात सांगितले आहे. बांधकामाच्या उभ्या-आडव्या मोजमापांत बदल, संरचनेचा भार पेलणारे भाग किंवा भिंती काढणे अथवा बदलणे, जोते, पाया किंवा जमीन खाली नेणे, पोटमाळा नव्याने घालणे किंवा वाढविणे, उतरते छप्पर सपाट करणे अथवा वेगळ्या साहित्याने दुरुस्त करणे ही कामे किरकोळ दुरुस्ती ठरत नाहीत. त्यांसाठी रीतसर परवानगी घ्यावी लागते. परवानगी नसेल तर बांधकाम अनधिकृत ठरून नोटिशीस पात्र होते.

पाणी साचणाऱ्या भागात या तरतुदींचा अर्थ काय होतो, ते पाहू. खराब झालेली फरशी काढून त्याच पातळीवर नवी बसविणे ही किरकोळ दुरुस्ती होय. त्याच फरशीखाली दीड-दोन फुटांची भर घालणे हा मात्र खोलीच्या उभ्या मोजमापातील बदल आहे. नवा पोटमाळा तर कलमातच स्पष्टपणे वगळलेला आहे. त्यामुळे अशा कामाला हात घालण्यापूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याशी लेखी पत्रव्यवहार करणे शहाणपणाचे ठरते. लालबाग, परळ ‘एफ दक्षिण’ विभागात, दादर पश्चिम ‘जी उत्तर’मध्ये, तर गिरगावचा परिसर ‘सी’ व ‘डी’ विभागांत विभागला गेला आहे. इमारत उपकरप्राप्त असल्यास संरचनेला स्पर्श करणाऱ्या कामासाठी मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते.

भर घालण्याचे तांत्रिक तोटे

जमीन उचलण्याचा प्रश्न केवळ कागदोपत्री परवानगीचा नाही. ‘अ’ वर्गातील असंख्य चाळी सागवानी खांब-तुळयांच्या चौकटीवर किंवा चुन्यात बांधलेल्या जाड विटांच्या भिंतींवर उभ्या आहेत. खोलीत भर घातली की लाकडी खांबाचा पाय त्या भरावात गाडला जातो. तेथे हवा पोहोचत नाही, ओल टिकून राहते, कुजण्याची आणि वाळवीची प्रक्रिया नजरेआड सुरू होते. वरच्या तीन मजल्यांचा भार ज्या खांबावर आहे, त्याचा पाय कुजला आहे की नाही हे पुढे तपासताही येत नाही.

भिंतींबाबतही तेच. साचलेले पाणी विटांमधून वर चढते. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आतच कोंडली जाते आणि आणखी वर सरकते. पाणी ओसरल्यानंतर घाईघाईने सिमेंटचा गिलावा आणि रंग लावणाऱ्या घरात पुढच्याच वर्षी पोपडे निघतात, त्याचे कारण हेच. नंतरच्या काळातील सिमेंट काँक्रीटच्या इमारतींत वारंवार भिजणाऱ्या खांबांतील लोखंडी सळया गंजून फुगतात आणि बाहेरचे काँक्रीट तडकते. अशा भेगेवर नुसता गिलावा फासणे म्हणजे आजार झाकणे होय.

शिवाय एका खोलीची जमीन उचलली, की तिच्यात न शिरलेले पाणी शेजारच्या खोलीत आणि सामाईक बोळात अधिक चढते. रस्त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या थरांमुळे अनेक चाळींची जोती आधीच रस्त्याच्या खाली गेली आहेत. प्रत्येक भाडेकरूने आपापल्या कुवतीनुसार वेगवेगळी पातळी धरली, तर इमारतीचा उरलासुरला उतारही नाहीसा होतो.

तळमजल्यावरील बेकायदा फेरफाराची किंमत सर्व मजल्यांना मोजावी लागते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधील सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला होता. भिंत हलवून खोली मोठी करणाऱ्या प्रत्येक रहिवाशाने ती घटना लक्षात ठेवावी अशीच आहे.

खर्च कोणाचा, जबाबदारी कोणाची?

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार भाड्याची जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. दशकानुदशके गोठलेल्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात आज एक पोते सिमेंटही येणे कठीण, हे वास्तव मालक आणि भाडेकरू दोघेही जाणतात.

याच कायद्यात भाडेकरूवरही बंधन आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायमस्वरूपी बांधकाम करणे, हे कलम १६ नुसार जागा खाली करून घेण्याचे एक कारण ठरू शकते. पाण्यापासून बचावासाठी केलेला पक्का पोटमाळा उद्या भाडेहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून उभा राहू शकतो. पागडीच्या जागेत राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

उपकरप्राप्त इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती मंडळ करते. परंतु त्यासाठी दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा ठरलेली आहे आणि शासन ती वेळोवेळी वाढवीत आले आहे. दुरुस्तीचा खर्च या मर्यादेपलीकडे जात असेल, तर जादा रक्कम रहिवाशांनी भरण्याची तयारी दाखविल्यास काम होऊ शकते. अन्यथा इमारत दुरुस्तीपलीकडची मानली जाऊन पुनर्रचनेचा मार्ग पुढे येतो. मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन मालकाला किंवा रहिवाशांना स्वतः दुरुस्ती करण्याचीही मुभा आहे. अशा वेळी मर्यादेतील खर्चाची प्रतिपूर्ती मिळण्यासाठी कामापूर्वीच मंजुरी घेणे अत्यावश्यक असते. काम उरकून नंतर देयके सादर करणाऱ्यांच्या पदरी निराशाच येते.

मंडळाची दुरुस्ती इमारतीच्या सांगाड्यासाठी असते, हेही ध्यानात घ्यावे. कुजलेल्या तुळया बदलणे, खांबांना बळकटी देणे, जिना व सामाईक शौचालयांचा भाग सावरणे ही तिची व्याप्ती. तळमजल्यावरील खोलीत पाणी येऊ नये म्हणून इमारत उंचावणे तिच्यात येत नाही.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी

बांधून ३० वर्षे उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे. या तपासणीच्या आधारे इमारतींची चार श्रेणींत विभागणी होते. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-२ ए’ म्हणजे पूर्णतः किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. ‘सी-२ बी’ म्हणजे रहिवासी आत असताना संरचनात्मक दुरुस्ती करता येण्याजोगी. आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी असलेली इमारत. मालकाचा अभियंता ‘सी-१’ म्हणतो आणि भाडेकरूंचा अभियंता ‘सी-२ बी’, असा प्रसंग वरचेवर उद्भवतो. असे परस्परविरोधी अहवाल महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवले जातात.

उपकरप्राप्त इमारतींची पावसाळापूर्व पाहणी मंडळ दरवर्षी करते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. २०२४ मध्ये या यादीत २० इमारती होत्या. २०२५ मध्ये ती संख्या ९६ वर गेली. यादीत नाव नाही म्हणजे इमारत सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नये. पाणी साचणाऱ्या भागात रहिवाशांनी स्वतः काही खुणांकडे लक्ष द्यावे : दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसू लागणे, जिन्याच्या पायऱ्या एका बाजूला कलणे, खांब-तुळईच्या सांध्यातून भुसा पडणे, तळमजल्याच्या भिंतीवर तिरकी भेग वाढत जाणे, सामाईक शौचालयाखालील भाग सतत ओला राहणे. यांपैकी काहीही आढळल्यास मंडळाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. तातडीच्या प्रसंगी मंडळ टेकू लावून इमारत सावरते. महापालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष १९१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असतो.

घर सोडण्याची भीती आणि हक्क

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली गेली. दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टच्या सकाळी, भेंडीबाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जणांनी प्राण गमावले. ही इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबे हलली होती, काही तेथेच राहिली होती.

धोका दिसत असूनही माणसे घर का सोडत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर गिरणगावातील प्रत्येक चाळीत सापडते. ‘एकदा बाहेर पडलो की परत येणे नाही’ ही ती भीती आहे. संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांची दुसरी पिढीही तेथेच वाढल्याची उदाहरणे असल्याने ती निराधार म्हणता येणार नाही. तथापि, इमारत रिकामी केल्याने किंवा ती पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील एका प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेहक्क संपुष्टात येत नाही, असा निर्वाळा दिला आहे.

हा हक्क शाबूत ठेवायचा तर कागद शाबूत हवेत. महापालिका कलम ३५४ खाली इमारत रिकामी करण्याची नोटीस बजावते, तेव्हा रहिवाशांची यादी व प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळ यांची नोंद होणे महत्त्वाचे असते. ही नोंद आपल्यासमोर करून घ्यावी आणि तिची प्रत मागावी. भाडेपावत्या, वीज देयके, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नोंद यांच्या प्रती घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवाव्यात. तळमजल्यावरील अनेक कुटुंबांचे हे पुरावे एकाच पावसात लगदा होऊन गेलेले आहेत.

उंची मिळते ती पुनर्बांधणीत

जोत्याच्या उंचीबाबतचा स्पष्ट नियम नव्या बांधकामाला लागू होतो. विकास नियंत्रण नियमावलीनुसार इमारतीचे जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच असावे लागते. पाणी भरणाऱ्या क्षेत्रात ते पुराच्या सर्वोच्च पातळीपेक्षा किमान ६० सेंटिमीटर वर हवे. सखल भूखंडावर भर घालून तो ‘टाऊन हॉल डेटम’ या मुंबईच्या जुन्या मोजणी-पातळीनुसार ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर, यांपैकी जे अधिक असेल तेथपर्यंत आणण्याची अट बांधकाम परवानगीत घातली जाते. पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा अभिप्रायही घ्यावा लागतो.

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी नियमावलीतील ३३ (७) आणि समूह पुनर्विकासासाठी ३३ (९) या तरतुदी आहेत. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळण्याची हमी त्यांत आहे. समूह विकासासाठी शहर भागात किमान ४ हजार चौरस मीटरचा भूखंड लागतो. पाण्याच्या दृष्टीने पाहता समूह विकासात एक फायदा संभवतो : एकेक इमारत वेगवेगळ्या पातळीवर उभी राहण्याऐवजी संपूर्ण परिसराची पातळी आणि निचरा एकत्र आखता येतो. एकाच भूखंडावर भर घालून टॉवर उभा राहिला आणि शेजारची चाळ होती तेथेच राहिली, तर टॉवरच्या आवारातील पाणी चाळीच्या दारात येते. शेजारी काम सुरू होताच निचऱ्याची जुनी गटारे बुजविली जात नाहीत ना, याकडे रहिवाशांनी लक्ष ठेवून विभाग कार्यालयाकडे वेळीच तक्रार नोंदविली पाहिजे.

मालक पुढाकार घेत नसल्यास काय, या प्रश्नावर म्हाडा अधिनियमात कलम ७९-अ घालण्यात आले. त्यानुसार धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. तो न दिल्यास रहिवाशांच्या नियोजित संस्थेला सहा महिन्यांची संधी मिळते. आणि तेही न घडल्यास मालमत्ता संपादित करून म्हाडा पुनर्विकास करू शकते. या कलमाखालील नोटिशींचा वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. त्यामुळे अशी नोटीस हाती आलेल्यांनी तिची सद्य कायदेशीर स्थिती वकिलाकडून समजून घ्यावी.

गिरगावसारख्या भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. किनाऱ्यालगतचा भाग सागरी किनारा नियमन क्षेत्रात येत असल्यास पुनर्बांधणीला त्या नियमांची चौकट लागू होते. खोताची वाडी किंवा तत्सम वारसा परिसरातील घरांच्या बाह्य स्वरूपात फेरफार करावयाचा झाल्यास वारसा नियमांनुसार मान्यता घ्यावी लागते. तेथे जुन्या लाकडी खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसविणे ही खासगी बाब राहत नाही.

तूर्त हाती काय उरते?

पुनर्विकास होईपर्यंतचा काळ बहुतेक चाळींसाठी वर्षांचा नव्हे, दशकांचा ठरतो. तोवर नियमांच्या चौकटीत राहून करण्यासारखी कामे थोडकी असली, तरी उपयोगी आहेत. जिन्याखालील वीजमीटर पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर हलविण्यासाठी ‘बेस्ट’कडे सर्व भाडेकरूंनी एकत्रित अर्ज करावा. खोलीतील विजेची बटणे व सॉकेट कमरेच्या वर घ्यावीत. सांडपाण्याच्या नळाला उलट पाणी रोखणारी झडप बसवावी. मोरीतून वर येणारे पाणी उंबऱ्यावरील बांधाने थांबत नाही. भूमिगत पाण्याच्या टाकीचे तोंड उंच व झाकण घट्ट असावे आणि पाणी शिरल्यास टाकी धुऊन घेतल्याशिवाय वापरू नये. पक्क्या पोटमाळ्याऐवजी भिंतीला भार न देणारी, हलविता येणारी लोखंडी मांडणी वापरावी. पूर ओसरल्यावर भिंती पूर्ण सुकू द्याव्यात, मगच गिलाव्याला हात लावावा आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. दुरुस्तीचा राडारोडा गटारात किंवा बोळात टाकू नये. पुढच्या पावसात तोच निचरा अडवितो.

ही कामे एकेकट्याने करण्यापेक्षा इमारतीने मिळून केल्यास अधिक परिणामकारक ठरतात. तळमजल्यावरील पाणी ही केवळ तळमजल्याची अडचण नव्हे. खांबाचा पाय तेथेच आहे आणि वरच्या मजल्यांवरील प्रत्येक घर त्याच पायावर उभे आहे.